गोकुळपेठेतून रामनगरला जाणारा सिनेमा

नोव्हेंबर लागला की नागपुरात माणसाची परीक्षा त्याच्या नखांवरून करावी. नखं पिवळी असतील तर माणूस सुखात आहे, असं खुशाल समजावं. बसमध्ये शेजारचा गृहस्थ खिडकीकडे तोंड करून गुपचूप काहीतरी चावत असतो. कचेरीत साहेबांच्या सहीच्या कागदाला आंबटगोड वास येतो. रस्त्याच्या कडेच्या शेकोटीत कुणीतरी साल टाकतं आणि ती चरचरून अशी काही पेटते, की आजूबाजूची माणसं हात शेकायचं विसरून नुसती श्वास घेत बसतात. काटोलच्या संत्र्यांचा माल बाजारात उतरलेला असतो. आमच्या घरी तर टोपली रिकामी होते आणि कुणी खाल्ली ते कधीच कळत नाही; आरोपी सगळेच, पुरावा सगळ्यांच्याच नखांत.

यंदा आमची अनघा दिवाळीला पुण्याहून आली, ती टोपलीजवळच्या बाजेवर पाय वर घेऊन बसली ती उठलीच नाही. मांडीवर लॅपटॉप, हातात संत्रं. पुण्यातल्या कुणा गाणं शिकवणाऱ्या बाईंसाठी ती काहीतरी करत होती. बाईंचं गाणं आणि बाई गाताना, दोन्ही लोकांना घरबसल्या दिसावं, ऐकू यावं, असं ते काम.

"बाईंना कोणीतरी घाबरवून ठेवलं आहे बाबा," ती म्हणाली. "म्हणे यासाठी खास सर्व्हर लागतो, वेगळा, महागडा. काही नाही लागत. साधा वेब सर्व्हर पुरतो. जिथून वाचायची पानं येतात, तिथूनच गाणं येते, तिथूनच सिनेमा येते." पुण्यात तिची भाषा सुधारली आहे, पण तोंडात संत्र्याची फोड गेली की परत गोकुळपेठेत येते.

"म्हणजे आधी अख्खा सिनेमा तुझ्याकडे येतो, मग तू पाहतेस?"

"अख्ख्याची वाट कोण पाहते? येत जाते, आपण पाहत जातो. पहिला तुकडा आला का सुरू. तो पाहून होईस्तोवर दुसरा रस्त्यात असते."

मी हातातली फोड खाली ठेवली. रस्त्यात असते! अगं, तो रस्ता मला माहीत आहे. बाजारावरून निघायचं, पानठेल्यापाशी उजवीकडे वळायचं, मग चढ लागतो, चढावर एक कुत्रं लागतं, कुत्र्यानंतर रामनगर. तू ज्याला साधा सर्व्हर म्हणतेस, तो तुझ्यासमोर बनियनवर बसला आहे!

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अनघा, काहून छेडलं वं त्यायले? आता दोन तास जेवणाचं नाव नको."

ही मंदा. माझी बायको. तिला पुढे काय येणार आहे ते ठाऊक होतं, आणि हातातली कणीक टाकून ती दारात येऊन उभी राहिली, यावरून तिलाही ते ऐकायचं होतं हे मला ठाऊक होतं.

तर, ऐंशीच्या आसपासचा हिवाळा. टीव्ही आमच्या वस्तीत अजून आला नव्हता. त्याची जागा दर शनिवारी संध्याकाळी एक पांढरा पडदा घेत असे. मांजरपाटाचे दोन पट्टे शिंप्याने मधोमध शिवून दिले होते. ती शिवण पडद्याच्या बरोबर मध्यावर यायची, त्यामुळे नायक कितीही देखणा असो, तो समोर येऊन उभा राहिला की त्याच्या नाकाला टाके पडलेले दिसत. नायिका मात्र शहाण्या. त्या जरा बाजूला उभ्या राहत.

पाच वाजताच पोरंटोरं सतरंज्या, पोती, आजीचं नेसूचं लुगडं, मिळेल ते घेऊन जागा धरून बसत. उकडलेल्या शिंगाड्यांची गाडी यायची. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे द्रोण हातोहात फिरत. अंधार पडायला लागला की दामूजी मशीनवरचं फडकं काढत, आणि त्या फडक्याकडे बघून टाळ्या पडत. दामूजी म्हणजे आमच्या मंडळाचे ऑपरेटर. दिवसा ते एका छापखान्यात असत, शनिवारी संध्याकाळी ते सम्राट असत. कमी बोलणारा सम्राट. मशीनचा दिवा लागला की त्या उजेडाच्या पट्ट्यात पाखरं, धूळ, शेकोटीचा धूर आणि दहा-वीस पोरांची बोटं, असा पहिला खेळ व्हायचा. तो फुकटचा खेळ मला पुढच्या सिनेम्यापेक्षा नेहमी जास्त आवडला. त्याला कारण आहे. पुढचा सिनेमा मी कधी पाहिलाच नाही.

त्याचं असं झालं होतं. नागपूरच्या सदर भागात सिनेम्याची रिळं भाड्याने देणाऱ्यांची दुकानं होती. आमच्या मंडळाला एकट्याने भाडं झेपेना, रामनगरच्या मंडळालाही झेपेना. मग दोघांनी मिळून एक सिनेमा आणायचा ठरला. मशीन दोघांकडे होतं. पण सिनेमा एक आणि मैदानं दोन, आणि शनिवार संध्याकाळ दोघांनाही हवी. यावर तोड निघाली ती अशी: सिनेमा सात-आठ डब्यांत येतो. पहिला डबा गोकुळपेठेत दाखवून झाला की दुसरा लावायचा, आणि दुसरा चालू असेपर्यंत पहिला सायकलवर घालून रामनगरला पोहोचवायचा. तो तिथे लागला की सायकल परत. तोवर इथला दुसरा संपत आलेला. तो घ्यायचा, पळायचं. असं एकाच सिनेम्याचं शेपूट गोकुळपेठेत आणि डोकं रामनगरात, आणि मधे रस्त्यावर सायकल.

"स्ट्रीमिंग!" अनघा ओरडली.

"ते जे काय असेल ते. सायकल मी चालवत होतो."

मंडळात सर्वांत वेगाने सायकल मारणारा म्हणून माझी निवड झाली होती, आणि निवड झाली तेव्हा मी छाती काढून चाललो होतो. दोन शनिवारांनी लक्षात आलं की या सन्मानाला एक भोक आहे. मी परत यायचो तेव्हा रिळाची शेवटची मिनिटं चालू असायची. रामनगरला डबा लावला की सुरुवातीची दोन मिनिटं दिसायची, मग निघायचं. प्रत्येक रिळाचं डोकं पाहिलं, शेपूट पाहिलं. पोट कधी पाहिलं नाही. त्या हिवाळ्यात मी पाहिलेल्या सगळ्या सिनेम्यांत माणसं दार उघडून आत येतात आणि लगेच कुणीतरी मरतं.

त्याच हिवाळ्यात, तुळशीचं लग्न आटोपल्याबरोबर, माझंही आटोपण्यात आलं होतं.

मंदा सावनेरची. तिच्या घरी कपाशीचं शेत, अंगण, विहिरीवर मैत्रिणी, शब्दाला शब्द देणाऱ्या चार बहिणी. आणि इथे आमच्या दोन खोल्या. त्यात आई, अण्णा, दादा, वहिनी, त्यांची पोरं, माझी धाकटी बहीण. नव्या नवराबायकोने बोलायचं म्हटलं तर कुठे? आतल्या खोलीत आई माळ ओढत बसलेली, बाहेरच्या खोलीत अण्णा. गच्चीवर जावं तर गच्ची वरच्या भाडेकरूची. मंदा दिवसभरात माझ्याशी जे बोलायची ते मी आजही पाठ म्हणून दाखवू शकतो: "वाढू?" "अजून?" "पाणी?" आणि मी त्यावर काय रसाळ संभाषण करायचो! "हं." "नको." "दे."

मला ती आवडली होती. पण मी तिला आवडलो का, हे कुणाला विचारणार? एक दिवस वहिनी मला नळावर एकट्याला गाठून म्हणाली, "वसंता भाऊजी, तुमच्या बायकोले इथं करमत नाही हं. काल पोळ्या करता करता डोळे पुसत होती. मी विचारलं तं म्हणते, धूर गेला. स्टोव्हले कुठं धूर असते?"

करमत नाही. मराठीत याहून भयंकर शब्द नाहीत. भांडणाला उत्तर देता येतं, रागावल्याला समजावता येतं. ज्याला करमत नाही त्याचं काय करणार? त्यात आई सांगून बसलेली की संक्रांतीच्या आधी मंदाचे वडील न्यायला येतील, पहिली संक्रांत माहेरची, मग होळीपर्यंत राहील तिकडेच. होळीपर्यंत! मी मनात म्हटलं, इथे न करमणारी पोरगी एवढे दिवस चार बहिणींत बसली, तर परत येताना पाय तिचे येतील, ती येईल का? दिवस थोडे, बोलायला जागा नाही, आणि शनिवारची एकुलती एक संध्याकाळ मी सायकलवर.

लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी आमचं घर पडद्याकडे निघालं. बायकांची बसायची बाजू दामूजींच्या मशीनला लागून होती. वहिनी मंदाला घेऊन कडेलाच बसली. मी पहिल्या फेरीहून धापा टाकत आलो, तेव्हा दुसरं रीळ संपलंच होतं. दामूजींनी तिसरं लावलं आणि दुसरं उलटं गुंडाळायला घेतलं. हे एक काम असायचं. दाखवून झालेलं रीळ उलटं होतं, ते हाताने चाक फिरवून सुलटं करावं लागतं, मगच डब्यात. तेवढा वेळ मला थांबावं लागे.

मी वहिनीला विचारलं, "काय झालं या रिळात?"

"गप बसा हो भाऊजी, पाहू द्या."

आणि वहिनीच्या पलीकडून, पदराआडून, एक आवाज आला. "तिचा बाप मेला."

न विचारता! आपण होऊन! वाढू-अजून-पाणी यांच्या पलीकडलं मंदाचं हे माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "कसा?" ती म्हणाली, "खोकून." तेवढ्यात दामूजींनी डबा माझ्या हातात दिला. मी चढ कसा चढलो ते मला माहीत नाही. कुत्रं मागे लागलं, तेही माझ्याबरोबर आनंदाने पळत असावं असं वाटलं. कुणाचा बाप खोकून मेल्याचा इतका हर्ष जगात कुणाला झाला नसेल.

"असं काही बोलली नव्हती मी," दारातून मंदा म्हणाली. "मी म्हटलं होतं, तिचे वडील वारले."

"बाप मेला म्हणालीस."

"बरं, मेला. तुमच्या सुखासाठी मेला."

पुढच्या शनिवारपासून मंदा कडेला बसली. त्याच्या पुढच्या शनिवारी ती उठून दामूजींच्या बाकापाशी उभी राहायला लागली. रीळ गुंडाळायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ आमचा. शेकडो माणसांच्या मधोमध, आणि सगळ्यांची पाठ आमच्याकडे! नागपुरात नवविवाहितांना याहून मोठा एकांत कुठे मिळाला असता? चाक कुरकुरायचं, पडद्यावर कुणीतरी गायचं, आणि मंदा मला झालेल्या रिळाची गोष्ट सांगायची. सुरुवातीला वाक्यात, मग परिच्छेदात, मग हातवारे करून. सासूचं काम ती असं करायची की मी घाबरून माझ्या आईकडे बघायचो.

हळूहळू मला एक जाणवायला लागलं. दामूजींचं चाक दर शनिवारी थोडं जास्त वेळ कुरकुरायचं. मी कधी घाई केली तर ते मान वर न करता म्हणायचे, "फिल्लम हाय गा, दोर नाही. घाई केली तं तुटते." मधेच ते हात थांबवून तपकीर ओढायचे. मंदाची गोष्ट ऐन मोक्यावर आली असेल तर ते तपकिरीनंतर शिंकायचेही, आणि शिंकून झाल्यावर नाक पुसायला रुमाल शोधायचे.

याची शिक्षा रामनगर भोगत होतं.

रामनगर मंडळाचे अध्यक्ष कवडूजी. आवाज असा की भोंगा त्यांनी फक्त शोभेला धरला असावा. इकडे दामूजी शिंकत, तिकडे रामनगरचा पडदा पांढरा पडलेला असे आणि लोक शिट्ट्या मारत असत. मग कवडूजी भोंगा उचलत. "शांत बसा! सायकल निघालेली आहे!" सायकल अर्थात निघालेली नसे. थोड्या वेळाने, "सायकल बाजारात आली आहे!" मग, "सायकल चढाले लागली आहे!" या माणसाने न पाहिलेल्या सायकलीचं इतकं हुबेहूब वर्णन केलं की एकदा लोकांनी मी येण्याआधीच टाळ्या वाजवल्या. सायकल फारच लांबली तर ते स्वच्छतेवर बोलत. त्याहून लांबली तर सर्वांना उभं करून दीर्घ श्वसन करायला लावत. रामनगरची छाती त्या हिवाळ्यात सुधारली, याचं श्रेय दामूजींच्या तपकिरीला आहे.

अनघा हसत हसत म्हणाली, "बाबा, याले बफरिंग म्हणतात. थोडा साठा आधी करून ठेवा लागते. एक-दोन तुकडे जमले का मंग सुरू करायचं."

तेही आम्ही सुचवलं होतं! मी कवडूजींना म्हटलं, दोन डबे हातात आल्याशिवाय सुरू करू नका, मग खंड पडणार नाही. ते म्हणाले, "आणि तवर गोकुळपेठवाले म्हणतीन, आमचे दोन रिळं झाले, तुमचं एकही नाही? रामनगरची काही इज्जत आहे का नाही गा?" इज्जतीपुढे साठा टिकत नाही. पहिला डबा आला की पडदा उजळायचाच, आणि मग अडायचाच.

संक्रांत जवळ आली. उद्या रविवारी मंदाचे वडील यायचे होते. त्या शनिवारचा सिनेमा सासुरवाशिणीचा होता. मंदाने त्या दिवशी पहिल्यापासून फार रंगून सांगितलं. नायिका सासरी येते, तिच्याशी कुणी बोलत नाही, मग ती शेजारच्या ड्रायव्हरकडून चोरून मोटार शिकते, आणि एक दिवस सासू, सासरे, दीर, सगळ्यांना मोटारीत कोंबून रामटेकला नेते! मी खूश. तो डबा घेऊन रामनगरला पोहोचलो, तर तिथे मशीनमधला दिवा बदलायचं चाललं होतं आणि लोक उठायच्या बेतात. कवडूजींचे विषय संपले होते. त्यांनी भोंगा माझ्या हातात कोंबला. "आपले वसंतराव सिनेमा पाहून आले आहेत. दिवा लागेपर्यंत ते पुढची हकिगत सांगतीन!"

असा मोका मी सोडतो? मी मोटार सांगितली. गियर सांगितला. सासूचा पदर दारात अडकलेला सांगितला. रामटेकच्या वळणावर तर मी भोंग्यातून मोटारीचा आवाज काढला. लोक परत खाली बसले, बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. दिवा लागला. रीळ सुरू झालं.

पडद्यावर विहीर. विहिरीवर नायिका. रडत होती. रडून झालं, मग तिने भांडी घासली, भांडी घासता घासता रडली.

अंधारातून कुणीतरी विचारलं, "मोटार कुठं आहे गा?"

"विहिरीत पडली असन!" दुसरा.

"म्हणूनच रडून राहिली ते!" तिसरा.

त्यानंतर नायिकेने डोळ्याला पदर लावला की रामनगर एका सुरात मोटारीचा आवाज काढायचं. मी सायकल उचलली आणि पळालो. चढाच्या उतारावर वारा कानात शिरत होता आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न: ही पोरगी मला खुळा समजते का? इतके शनिवार मी जे सिनेमे ऐकले, त्यातला एकतरी खरा होता का? हिला इथे करमत नाही ते नाहीच, वर माझी मजा बघत होती?

दामूजी रीळ गुंडाळत होते. मंदा बाकापाशी उभी होती.

"मोटार कुठून आणली वं?" मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "इथं तुमच्यासंगं बोलत उभी राहते, तवर पुढच्या रिळाचं तोंड निघून जाते. मंग मधे काय झालं असन, ते मीच लावून देते. आधी थोडंसंच लावत होती."

"आणि आज?"

"आज सगळंच." तिने मान वर केली. "मले नाही आवडला तो सिनेमा. रीळ बदलते, पण त्या पोरीची विहीर काही बदलत नाही. माह्यावाली कायले रडन?"

मी म्हटलं, "मग तुह्यावाली काय करते?"

"तिले आधी करमत नाही."

"मग?"

"मंग करमते."

"कशानं?"

चाक थांबलं. दामूजींनी डबा बंद केला. मंदा म्हणाली, "ते पुढच्या रिळात."

अशी कशी वेळ साधली देवाने! मी तो डबा रामनगरला कसा नेला, कवडूजी काय बोलले, मोटारीचे आवाज कोणी काढले, मला काही आठवत नाही. कुत्र्याला त्या दिवशी मी मागे टाकलं. परत आलो तेव्हा इथलं शेवटचं रीळ पडद्यावर संपत होतं. लोक सतरंज्या झटकत होते. दामूजी शेवटचं चाक फिरवत होते. हळू. फार हळू.

"सांग."

"तिचा नवरा तिले सायकलवर बसवून घेऊन जाते."

"घरी मोटार असताना?"

"मोटार घरच्यायसाठी आहे," मंदा म्हणाली. "सायकल दोघायची."

आता मला सांगा, यानंतर माणूस काय करेल? शेवटचा डबा पोहोचवून तिकडून परत काही आणायचं नसायचं. रामनगरचा खेळ संपला की त्यांचाच माणूस सगळे डबे ठेवून घ्यायचा. म्हणजे दर शनिवारी हे एकच रीळ मला सबंध पाहता येण्यासारखं असायचं, पण एकट्याने मी कधी थांबलो नव्हतो. मी सायकल वळवली आणि कॅरियरवर हात मारला.

"बस."

"आत्याबाई पाहून राहिल्या."

तिचं खरं होतं. आई सतरंजीची घडी काखेत धरून आमच्याचकडे बघत उभी होती. शेजारी अण्णा. त्यांच्या बाजूला वहिनी, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर असा काही आनंद, की खरा सिनेमा तिला आत्ताच लागला असावा. त्या काळी आमच्या घरात नवरा पुढे, बायको चार पावलं मागे अशी मिरवणूक निघायची. सायकलवर दोघं, तेही सगळ्या वस्तीदेखत?

दामूजींनी डबा माझ्या हातात दिलाच नाही. तो त्यांनी मंदाच्या हातात दिला. "धरून ठेव पोरी. याच्या कॅरियरचा भरवसा नाही." त्या सबंध हंगामात दामूजी मंदाशी कधी एक शब्द बोलले नव्हते. मंदा डबा पोटाशी धरून कॅरियरवर बसली. मी पायडल मारलं. मागून आईचा आवाज आला आणि माझा हात ब्रेकवर गेला.

"वसंता! चढावर उतरून पाई चाल रे. एवढ्या ओझ्याची सवय नाही तुले!"

आणि सगळं मैदान हसलं. आईही.

चढावर मी उतरलो नाही. हे मी आजवर शंभरदा सांगितलं आहे आणि मंदा शंभरदा म्हणाली आहे की मी उतरलो होतो, ती बसून होती, मी ढकलत होतो. दोन्ही खरं धरा. आम्ही पोहोचलो तेव्हा कवडूजींच्या भोंग्यातून "सायकल चढाले लागली आहे" चालू होतं. आम्हा दोघांना बघून ते असे गरजले की सदरपर्यंत ऐकू गेलं असेल: "मोटारवाले आले! सहकुटुंब आले!"

पुढे जागा नव्हती. उशिरा येणारे पडद्याच्या मागे बसत. तिकडून सिनेमा दिसतो तसाच, फक्त उलटा. अक्षरं उजवीकडून पळतात, सगळी माणसं डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने नमस्कार घेतात. तिथे गवतावर आम्ही बसलो. आमच्यात रिळाचा रिकामा डबा. पडद्यावर ती पोरगी शेवटचं रडून घेत होती, सासू विरघळत होती, नवरा डाव्या हाताने तिचे डोळे पुसत होता. मंदाने हे सगळं आधीच पाहिलेलं. ती माझ्या कानाशी लागून, पडद्यावर ओठ हलतील तसे, आपलेच संवाद घालत होती. सासू हात जोडून म्हणाली, "सूनबाई, मले गियर टाकून दाखव." मी तोंडात रुमाल कोंबला. मी ते रीळ पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पाहिलं. त्यात काय होतं, अजूनही सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी मंदाचे वडील आले. धोतर, कोट, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. चहा झाला, आईने ओटी भरली. मंदाची पिशवी भरून तयार होती. मी ती उचलून बघितली, होळीपर्यंतचे कपडे असावेत इतकी जड होती. काल रात्रीचा सिनेमा काल रात्री संपला, असं मनाशी म्हणत मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. मंदा सगळ्यांच्या पाया पडली. अण्णांच्या, आईच्या, दादाच्या, वहिनीच्या. उंबऱ्यापाशी येऊन थांबली आणि वडिलांना म्हणाली,

"बाबा, मले शुक्रवारी आणून सोडजा."

आईची माळ थांबली.

"शुक्रवारी?" मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. "होळीपर्यंत राहतं ना बाई? तुह्या बहिणी वाट पाहून राहिल्या."

"शनिवारी काम असते मले."

"कोणतं काम?"

मंदाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "रिळाचं," ती म्हणाली. "हे एकटे नेतात, तं उशीर होते."

मामाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "जावईबापू, लग्नाले दोन महिने नाही झाले, आणि पोरीले कामाले लावली का?"

वहिनी मोरीकडे पळाली, तिचं हसणं तिथून ऐकू येत होतं. आईने माळ पुन्हा ओढायला घेतली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "पाठवून द्या हो व्याही. रामनगरचे लोक खोळंबतात."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. शुक्रवारी दुपारी मी कचेरीतून निघून सावनेरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. एक गाडी आली, त्यात ती नव्हती. दुसरी आली. आधी मामाजी उतरले, मग तुरीच्या शेंगांचं एक भलं मोठं गाठोडं, आणि गाठोड्यामागून मंदा. वडिलांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरायच्याही आधी, तिने मला विचारलं,

"उद्या कोणता आहे?"

मंडळाने ठरवलेलं नाव मला सकाळपासून पाठ होतं. त्या क्षणी आठवेना.

"तू सांगशीन तो," मी म्हटलं, आणि गाठोडं उचललं.